निशाणी आधी, पाना नंतर

डाळगिरणी चालू असताना पाहणारा मनुष्य वस्तुतः काहीच पाहत नसतो. त्याच्या कानांवर पट्ट्यांची फडफड आणि चाळण्यांचा खडखडाट आदळत असतो, नाकातोंडात कळण्याची पिवळट धूळ जात असते, आणि डोळ्यांना दिसतात ती केवळ हिरवा रंग दिलेली पत्र्याची झाकणे, ज्यांच्या एका तोंडातून तूर आत शिरते आणि दुसऱ्या तोंडातून सोलून बाहेर पडते. मधल्या दोन-तीन हातांच्या अंतरात तिच्यावर काय प्रसंग गुदरला, याची वार्ता बाहेर येत नाही. ती कळावी अशी ज्याची इच्छा असेल त्याने गिरणी बंद असताना जावे, आणि नुसती बंद नव्हे तर खोललेली असताना जावे. मला तशी संधी जुन्या जालन्यातील एका डाळगिरणीत भाद्रपदाच्या एका आठवड्यात मिळाली. पावसाळ्यात अंगणात ऊन टिकत नाही, ऊन नाही म्हणून भिजवलेली तूर वाळत नाही, नवी तूर तर पौषाशिवाय बाजारात दिसत नाही. तेव्हा यंत्रांची हाडे मोजून घेण्यास गिरणीवाल्यांना हाच काळ सोयीचा पडतो.

कुंडलिकेच्या एका तीरावर मस्तगडाचे आणि आनंदीस्वामींचे जुने जालना, तर दुसऱ्या तीरावर पूर्वी कादराबाद म्हणून ओळखली जाणारी व्यापारी पेठ, असे हे जोडगाव आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण येथील आबालवृद्धांच्या तोंडी असते, आणि ती सांगताना बोलणाराची मान थोडी ताठ होते. निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला. त्याच्या पाठोपाठ सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने आले, तेलाच्या आणि डाळीच्या गिरण्या आल्या, पुढे सळईचे कारखाने आले. १ मे १९८१ रोजी गाव जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि कचेऱ्यांची संख्या वाढली. या सर्व स्थित्यंतरांची नोंद कोठे ना कोठे दप्तरांत सापडते. परंतु एवढी यंत्रे जेथे शंभर-सव्वाशे वर्षे फिरत आली, तेथे ती उघडणारा आणि मिटवणारा एक वर्गही पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला, त्याची रुजुवात मात्र कोणी केलेली दिसत नाही.

हीच गत जात्याची झाली. जात्यावरच्या ओव्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. पण जाते गुळगुळीत होऊन पिठाऐवजी नुसती भरड देऊ लागले म्हणजे दारोदार ‘जात्याला टाकी’ अशी हाळी देत येणाऱ्या टाकाऱ्याविषयी आपण दोन ओळीही खर्च करीत नाही. टाकणकार या जातीचे नावच मुळी त्या टाकीवरून पडले. तो अंगणात बसे, खुंटा धरून वरची तळी उचलून बाजूला ठेवी, माकडी काढून ती फुटली-झिजली आहे का पाहून घेई, आणि मग छिन्नीच्या टोकाने दोन्ही तळ्यांवर बारीक टाके घालीत जाई. औद्योगिक दुरुस्तीचे सारे शास्त्र त्या अर्ध्या तासात होते: उकलणे, झीज पाहणे, धार देणे, पुन्हा बसवणे. टाकी लावल्यानंतरचे पहिले दळण घरातली शहाणी बाई कोंड्याचे काढी आणि ते गुरांपुढे टाकी, कारण त्यात दगडाची कच असे. औरंगाबादच्या पाणचक्कीचा दगड खालच्या पात्यांवर पडणाऱ्या पाण्याने फिरत होता, हा फरक खरा. पण पाणी कितीही इमानाने आले तरी त्या दगडालाही वेळोवेळी टाकी लावावीच लागली असणार.

आता तुरीकडे वळू. हरभरा आणि मसूर ही स्वभावाने सरळ कडधान्ये. तूर, उडीद आणि मूग हट्टी. तुरीचे टरफल आणि आतली दोन दले यांच्यामध्ये डिंकासारखा एक चिकट थर असतो, आणि तो सुटण्यापूर्वीच बळजबरी केली तर टरफलाबरोबर दलाचाही टवका निघून येतो. म्हणून गिरणीत तिला प्रथम रोलमधून काढून टरफलावर नुसते ओरखडे पाडतात, मग तेलाचा हात देऊन ती मुरत ठेवतात, उन्हात घालतात, पाण्याचा हबका मारतात, पुन्हा वाळवतात आणि पुन्हा रोलमध्ये सोडतात. असे फेरे तीन-चार वेळा झाल्यावर ती राजीखुशीने अंगरखा उतरवते. १०० किलो तुरीत दलाचा अंश सुमारे ८५ किलो असतो, पण जुन्या धर्तीच्या गिरणीत हाती लागणारी डाळ ७० ते ७५ किलोच भरते. मधले दहा-पंधरा किलो चुणी आणि कळणा होऊन गुरांच्या दावणीत जातात. गिरणीमालकाची झोप उडते ती याच दहा-पंधरा किलोंमुळे, आणि पाना हातात घेतलेल्या मिस्त्रीला चहा मिळतो तोही त्यांच्याच जोरावर.

हा रोल म्हणजे लोखंडी नळकांड्यावर कुरुंदाच्या कणांचा खरबरीत थर चढवलेली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित जाड होत गेलेली लाट. तिच्या भोवती भोके पाडलेल्या पत्र्याची जाळी असते. लाट आणि जाळी यांच्यातील फट धान्य शिरते त्या तोंडाशी मोठी आणि बाहेर पडते त्या तोंडाशी लहान, म्हणजे दाणा जसजसा पुढे सरकतो तसतशी त्याची कोंडी होत जाते. सारी कला त्या फटीत आहे. जालन्यापासून जवळच असलेल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे जे वाण दिले त्यांपैकी बी.डी.एन. ७११ पांढरा, तर बी.डी.एन. ७१६ लाल; शेतकऱ्याला त्यांच्यात उत्पन्न आणि रोगप्रतिकार दिसतो, मिस्त्रीला मात्र दाण्याचा आकार दिसतो, कारण एका वाणासाठी बसवलेली फट दुसऱ्याला सैल तरी होते किंवा जाचक तरी.

मी गेलो त्या दिवशी मिस्त्री, ज्यांना मालकापासून हमालापर्यंत सगळे ‘चाचा’ म्हणत होते, अजून काहीच करीत नव्हते. त्यांनी प्रथम मेन स्विच पाडला, आतले तिन्ही फ्यूज उपसून आपल्या सदऱ्याच्या खिशात घातले आणि वर बटण लावले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्राभोवती कुंपण असावे, चालत्या यंत्राशी काम कोणी व कोणत्या अटीवर करावे, सहाण वा दगड फिरत असेल तेथे त्याच्या कमाल वेगाची सूचना टांगलेली असावी, इत्यादी तजवीज कलमवार केलेली होती, आणि ती वाचनीयही होती. पण खिशातल्या फ्यूजइतके संक्षिप्त कलम मला त्यात आढळले नाही. त्यानंतर चाचांनी यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली, पट्टा हाताने ओढून लाट अर्धा फेरा फिरवली, कान बेअरिंगच्या ब्लॉकला लावला आणि पुन्हा फिरवली. हाताखालच्या पोराने उत्साहाने झाकणाच्या बोल्टाला पाना घातला तेव्हा त्यांनी मान न वळवताच म्हटले, “निशाणी आधी, पाना नंतर.”

निशाणी म्हणजे पंचाचा ठिपका. पट्ट्याकडच्या ब्लॉकवर आणि तो ज्या बैठकीवर बसतो तिच्यावर समोरासमोर एकेक ठिपका. पलीकडच्या ब्लॉकला दोन दोन. जाळीच्या वरच्या अर्ध्याला तीन. खडूची खूण तेलाने पुसते, रंगाची रॉकेलने जाते, आणि डोक्यात ठेवलेली जेवणाच्या सुट्टीत. नवे यंत्र कारखान्यातून येते तेव्हा त्याचा कोणताही नट कोणत्याही बोल्टाला चालतो; पण दहा हंगाम एकमेकांच्या संगतीत झिजल्यावर प्रत्येक जोडीचे आपापसांत असे काही जमलेले असते की, डावीकडचे झाकण उजवीकडे बसवले तर ते बसते खरे, परंतु मुक्यानेच कुरकुरत राहते. एका ब्लॉकखालून पत्र्याची एक जुनी पट्टी निघाली. बिस्किटाच्या डब्याचा तुकडा कोणी पूर्वीच्या मिस्त्रीने उंची जमवण्यासाठी सरकवला होता, आणि त्यावरच्या गव्हाच्या लोंबीचे चित्र अजून ओळखू येत होते. पोराने तो कचऱ्यात भिरकावला. चाचांनी तो उचलून, पुसून, त्याच ब्लॉकच्या बोल्टांसह थाळीत ठेवला. कचऱ्यात गेला असता तर लाटेचे एक टोक त्या पत्र्याएवढे खाली बसले असते आणि महिनाभर सगळ्यांनी बेअरिंगच्या नावाने बोटे मोडली असती.

एक बोल्ट गंजून बसला होता. त्याच्यावर घण चालवण्याचा मोह आवरून त्यांनी रॉकेल सोडले आणि तो उद्यावर टाकला. मला त्यांची ही दिरंगाई फार आवडली.

झाकण आणि जाळी निघाल्यावर लाट उघडी पडली, आणि मग जे सुरू झाले त्याला दुरुस्ती म्हणण्यापेक्षा पंचनामा म्हणणे अधिक योग्य ठरेल. शिरण्याच्या तोंडाशी कुरुंदाच्या थरावर बोटभर रुंदीचा खड्डा पडला होता. अर्थ असा की, वरून येणारे धान्य पसरून न पडता एकाच जागी धार धरून पडत होते, तेव्हा दोष लाटेचा नसून वरच्या नळीचा. जाळी एका अंगाला अधिक चकाकत होती. म्हणजे लाट मध्यावर नव्हती. एका बेअरिंगमधले ग्रीस काळे पण निरोगी होते, दुसऱ्यातले दुधासारखे पांढुरके झालेले, म्हणजे तेथे पाणी शिरले होते. आणि छपराकडे पाहताच ते कोठून शिरले हेही समजले. लोहचुंबकाच्या पेटीतून मूठभर खिळे, पोते शिवायच्या दाभणाचे एक टोक आणि तारेचे तुकडे निघाले. मालकाला एवढा सगळा तपशील नको होता. त्याला खर्चाचा आकडा हवा होता. परंतु कारण न शोधता नुसती झिजलेली वस्तू बदलणे म्हणजे तोच खर्च पुढच्या भाद्रपदात पुन्हा करण्याची बेगमी होय.

कुरुंद हा शब्द आपला आहे. पाश्चात्त्य खनिजशास्त्रात ‘कोरंडम’ म्हणून जो वावरतो तो आपल्याच देशी भाषांतून तिकडे गेला. काठिण्याच्या दहा अंशांच्या मापावर हिरा दहावा, तर हा नववा. १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा अमेरिकन संशोधक कृत्रिम हिरा करू पाहत असता त्याच्या भट्टीतून भलतेच कठीण, चमकदार स्फटिक निघाले. ते कार्बन आणि कुरुंद यांचे मिश्रण असावे अशा समजुतीने त्याने त्यांना ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. समजूत चुकीची निघाली, नाव राहिले, आणि हिरा करायला निघालेल्या माणसाची ही वस्तू आज जगभर धान्य सोलण्याच्या आणि लोखंड घासण्याच्या कामी येते. हे कण लाटेवर चिकटवून धरणारा लेपही परदेशचाच: मॅग्नेशियमची भस्मरूप पूड आणि त्याच धातूचा क्षार यांचा हा दगडासारखा घट्ट होणारा लेप स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने १८६७ मध्ये सांगितला. गिरणीत त्याला नुसते ‘मसाला’ म्हणतात. या मसाल्याचा एकच शत्रू, पाणी. तो क्षार हवेतली ओल ओढून घेतो, आणि ओल धरलेला थर चालत्या यंत्रात ढिसाळ होऊन सुटू लागतो. त्यामुळे एक विचित्र पेच उभा राहतो: गिरणीला सवड मिळते ती पावसाळ्यात, आणि दगडाला ऋतू मानवतो तो उन्हाळ्याचा. चाचांनी तो पेच आगाऊच सोडवला होता. दुसऱ्या लाटेवर वैशाखात मसाला चढवून, ती पोत्यांत गुंडाळून, जमिनीपासून वर फळीवर ठेवून दिली होती. ती खाली उतरवल्यावर त्यांनी लाकडी हातोडीने ठिकठिकाणी हलकेच ठोकून पाहिले. बाजारात बाई मडके वाजवून घेते, तोच प्रकार. कोठे बद्द आवाज आला तर आत तडा समजावा.

यानंतरचे काम पाहायला सोपे आणि करायला चिवट होते. दोन समांतर लोखंडी पट्ट्या समपातळीत मांडून त्यांवर लाटेचा शाफ्ट आडवा ठेवला, आणि लाट आपोआप फिरून स्थिर झाली; जड बाजू खाली आली. पुन्हा फिरवली, पुन्हा तीच बाजू खाली. ही जड बाजू किती बाधते याचा हिशेब वाचकांना रंजक वाटेल. मध्यापासून २० सेंटिमीटरवर अवघे १०० ग्रॅम अधिक असतील आणि लाट मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर त्या शंभर ग्रॅमांचा ओढा सुमारे १८ किलो वजनाइतका होतो, आणि तोही दर सेकंदाला पंधरा वेळा दिशा फिरवून. म्हणजे लग्नाच्या पंगतीत भाजीत टाकायला विसरलेल्या मिठाएवढे वजन बेअरिंगला रात्रंदिवस घणाचे टोले देत राहते. चाचांनी हे गणित केले नाही. त्यांनी हलक्या बाजूच्या टोकाच्या तबकडीला एक वायसर लावून पाहिला, मग दुसरा, आणि लाट कोठेही थांबू लागली तेव्हा हात पुसले.

बेअरिंग काढताना आणि बसवताना माणसाच्या संयमाची खरी परीक्षा होते. काढताना पुलरची नखे आतल्या कड्याला लागली पाहिजेत. बाहेरच्या कड्याला धरून ओढले तर सारा ताण मधल्या गोळ्यांवर येतो आणि चांगले बेअरिंग निकामी होते. बसवताना ते शाफ्टापेक्षा किंचित तंग असते, म्हणून ते तेलात ८० ते १०० अंशांपर्यंत तापवतात. ५० मिलिमीटर भोकाचे कडे ७० अंशांनी तापले तर चार शतांश मिलिमीटर फुगते, कागदाच्या जाडीच्या निम्म्यानेही नाही. पण तेवढ्यात ते शाफ्टावर लोण्यासारखे सरकते, आणि निवले की पुन्हा तेथून हलण्याचे नाव घेत नाही. मधल्या चार-पाच पळांत जो काही निर्णय करावयाचा तो करावा. पोराला चाचांनी तेवढ्या वेळापुरते बोलण्यास मनाई फर्मावली होती.

बांधणी उलट क्रमाने झाली. ठिपक्याला ठिपका, थाळीतला बोल्ट त्याच्याच भोकात, लोंबीच्या चित्राचा पत्रा आपल्या जुन्या जागी. बोल्ट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, म्हणजे झाकण तिरके बसत नाही. दोन पुल्यांना दोरी लावून त्या एका रेषेत आहेत का पाहिले. जाळीची फट दोन्ही टोकांना मोजली, आणि मोजून झाल्यावरही चाचांनी मूठभर तूर मागवून एकेक दाणा फटीत घालून पाहिला.

मोटरीच्या तारा पुन्हा जोडताना त्यांनी पट्टा उतरवूनच ठेवला होता. तीन तारांपैकी कोणत्याही दोहोंची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, हे विजेचे अगदी प्राथमिक ज्ञान आहे, आणि ते विसरण्याची किंमत मी लहानपणी खाल्लेली आहे. आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीचा दगड टाकी लावून बसवला, तारा जोडल्या, आणि गिरणी उलटी सुरू झाली. दगडावरच्या चरांचा कल ज्या दिशेने पीठ बाहेर लोटण्यासाठी असतो, तो आता पीठ आत ओढू लागला. दगड तापले, पीठ करपट वासाचे आले, शिवाय पहिले कोंड्याचे दळण काढायचे कोणालाच सुचले नव्हते. त्या दिवशी आमच्या घरची भाकरी दातांखाली कचकच वाजली, आणि आजीने गिरणीवाल्याच्या पूर्वजांचा जो उद्धार केला त्यात जात्याच्या काळातल्या टाकाऱ्याची मुक्तकंठाने स्तुती होती.

येथे तसे काही झाले नाही. मोटर नीट दिशेने फिरली, फ्यूज पुन्हा खिशात गेले, पट्टा चढला. दिवेलागणीची वेळ झाली होती. शेठजींनी हमालाला तुरीचे पहिले पोते फोडायला सांगितले. तेवढ्यात पोराने मोकळ्या झालेल्या थाळ्या एकात एक घालताना खण्‌कन आवाज झाला, आणि एका थाळीच्या तळाशी तेलात चिकटलेला एक वायसर उरलेला दिसला.

चाचांनी तो बोटांत धरून दिव्यापुढे पाहिला. शेठजी म्हणाले, “चाचा, एका वायसराने काय होतंय? सकाळी बघू.” चाचांनी उत्तर दिले नाही, पट्टा उतरवला, झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे सैल केले, आणि एकेक ठिकाण तपासायला सुरुवात केली. पट्ट्याकडचा ब्लॉक पुरा, पलीकडचा पुरा, जाळीचे पुरे, टोकाच्या तबकडीवरचे दोन्ही जागच्या जागी. दीड तास गेला. शेवटी पोराच्या ध्यानात आले की, तोल पाहताना तिसरा एक वायसर हाताशी असावा म्हणून त्यानेच तो आपल्या खिशातून काढून थाळीत टाकला होता. यंत्राचा तो नव्हताच. मला वाटले, आता पोराची धडगत नाही. चाचांनी वायसर त्याच्या हातावर ठेवला, “तुझ्याच खिशात ठेव,” एवढेच म्हटले, आणि झाकण पुन्हा बसवायला घेतले. ठिपक्याला ठिपका, समोरासमोरचा बोल्ट, थोडा हा, थोडा तो. पोते फोडले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, आणि बाहेर पुन्हा पाऊस लागला होता.